मोदक (अक्षरसंच)

देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांसाठी केलेला अतिजाड शोभेचा अक्षरसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरनिर्मिती संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. २०१५ पासून तो गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली मिळतो, म्हणजे मंडळाच्या कार्यकर्त्यापासून डीटीपीवाल्यापर्यंत कोणीही तो पैसे न मोजता वापरू शकतो. संचात वजन एकच आहे आणि त्याचे अधिकृत नाव ‘रेग्युलर’. इतक्या लठ्ठ अक्षराला रेग्युलर म्हणणे ही कर्त्यांची थट्टा नसून नामकरणाची रूढी आहे, पण थट्टा म्हणूनही ती चालून जाते.

रूप. अक्षर जाड करायचे म्हणजे रेघ फुगवायची, असा समज असतो. रोमन अक्षरांत ते बऱ्यापैकी निभते. देवनागरीत वर शिरोरेघ, मध्ये गाठी, डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, त्यात जोडाक्षरे. रेघ फुगली की हे सगळे एकमेकांच्या अंगावर येते. ‘मोदक’मध्ये म्हणून खरे काम काळ्यावर नाही, पांढऱ्यावर झाले आहे. अक्षराच्या पोटातली पोकळी आवळत आवळत नुसती चीर उरते आणि सगळ्या चिरांची रुंदी डोळ्याला सारखी भासेल अशी राखली आहे. त्यामुळे ‘क्ष’सारखे गुंतागुंतीचे अक्षर ‘ग’शेजारी काळवंडलेले दिसत नाही. कडा गोल आहेत, टोक कुठे बोचत नाही. नाव चपखल बसते ते या चिरांमुळे: मोदकाच्या कळ्या बोटांनी दाबून काढाव्यात तशा त्या दिसतात.

पूर्वपीठिका. जाड, गोलसर अक्षरांचे पाश्चात्त्य घराणे जुने आहे. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांचे ‘कूपर ब्लॅक’ १९२२ चे. १९६०-७० च्या दशकांत ते संगीताच्या तबकड्यांच्या वेष्टनांवरून पुन्हा गाजले आणि तेव्हापासून ‘जुन्या काळची चव’ म्हटले की तसे अक्षर आठवते. मराठीत ती चव छापखान्यातून कमी आणि कुंचल्यातून जास्त आली. मोठ्या आकाराचे देवनागरी खिळे मोजक्याच वळणांत मिळत. वेगळे अक्षर हवे असेल तर ते हाताने काढून त्याचा ब्लॉक करून घेत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वृत्तपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत जवळजवळ प्रत्येक नाटकाला स्वतःचे अक्षर दिले. गावोगावचे पेंटर सूत मारून शिरोरेघ आखत, चपट्या कुंचल्याने अंग भरत आणि उजव्या-खालच्या बाजूला सावली टाकत. ‘मोदक’ कोणा एका पाटीची नक्कल नाही; नाते आहे ते या हाताशी.

नाशिक आणि जाड अक्षर. नाशिक हे छपाईचेही गाव. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे. नोटांवर भिंगाशिवाय न दिसणारी अक्षरे असतात. तिथून काही मैलांवर गावात मिसळीच्या, भेळीच्या, रसवंतीच्या पाट्या दुचाकीवरच्या माणसाला थांबवण्यासाठी असतात; तिथे अक्षराने ओरडायचेच असते. रविवार कारंज्यासारख्या गजबजलेल्या चौकात गणेशोत्सवाचा फलक वाचायला फार तर दोन-तीन सेकंद मिळतात. मंडळाचे नाव, ‘महाप्रसाद’, ‘आगमन’ अशा एक-दोन शब्दांना ‘मोदक’ तिथे शोभतो. कार्यक्रमपत्रिका, देणगीदारांची यादी किंवा शोकसंदेश त्यात लावू नये. शेवटचे सांगावे लागू नये, पण फ्लेक्स पाहिल्यावर सांगावेसे वाटते.

वापरातील खाचाखोचा. लहान आकारात चिरा बुजतात. मोबाइलच्या पडद्यावर किंवा शाई पसरणाऱ्या खरखरीत पुठ्ठ्यावर, उदाहरणार्थ द्राक्षांच्या खोक्यावर, बारीक ‘मोदक’ म्हणजे डागांची ओळ. चमकीवर सोनेरी कडा, तिच्यावर पुन्हा सावली, असे थर चढवले की मूळ चीर दिसेनाशी होते. या अक्षराला सपाट एकच रंग पुरतो. विनाइल कापून चिकटवताना चिरांतल्या बारीक पट्ट्या चिमट्याने उचलाव्या लागतात आणि घाईत एखादी आतच राहते. मखरासाठी पुठ्ठा कापताना मात्र फायदा आहे: शिरोरेघेने शब्द बहुतेक एकसंध राहतो, अक्षरे सुटी चिकटवत बसावे लागत नाही.

सर्वांत नाजूक जागा भ–म आणि ध–घ यांची. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटते, ‘म’ आणि ‘घ’ यांच्या डोक्यावर ती सलग जाते. साध्या वजनात ही फट ठसठशीत असते. अतिजाड अक्षरात तीही चिरेइतकीच उरते. गाडीवरची ‘भेळ’ दुरून ‘मेळ’ वाचली जाते ती यामुळे. अशा शब्दाला आकार वाढवावा, अक्षरांतले अंतर मात्र वाढवू नये. देवनागरीत अंतर वाढवले की काही प्रणाल्यांत शिरोरेघच तुटते आणि ‘म’चासुद्धा ‘भ’ व्हायला लागतो.