वेलांटी नेमकी कोठे असते?

१९९९ साली, महाविद्यालयात शिकत असताना, आम्ही अकोल्यातील एका शाळेसाठी संकेतस्थळ तयार केले. मुलांनी आसपासच्या गावांची जमवलेली माहिती त्यात होती. अकोल्याच्या संगणकावर सारे सुरेख दिसले. तीच फ्लॉपी अमरावतीच्या संगणकात घातली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा! असे का झाले?

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये ‘सर्न’ या प्रयोगशाळेत पहिला वेब ब्राउझर लिहिला. त्यात पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर मुख्यतः वाचण्यापुरते होते. त्यामुळे पाने लिहिण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आली. त्यांपैकी ‘फ्रंटपेज’ मायक्रोसॉफ्टने १९९६ साली विकत घेतले. त्याच्या पडद्यावर खाली ‘नॉर्मल’, ‘एचटीएमएल’ आणि ‘प्रिव्ह्यू’ अशी तीन दालने असत. पहिल्यात पान रचायचे, तिसऱ्यात ते कसे दिसेल हे पाहायचे. मधल्या दालनात प्रत्यक्ष साठवलेला मजकूर असे. ते आम्ही उघडलेच नव्हते.

उघडले असते, तर तेथे मराठीचे एकही अक्षर सापडले नसते. तेव्हाच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट नसला की सोंग उतरे. प्रत्येक कंपनीची मांडणीही निराळी. शिवाय साठवण दिसण्याच्या क्रमाने होई. ‘विदर्भ’ लिहिताना आधी वेलांटी, मग व; रफार तर भ नंतर. अशा मजकुरात शब्द शोधणे किंवा अकारविल्हे यादी लावणे फार अवघड.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. किल्ली असेल त्यालाच ते वाचता येत. त्यांनी हे जाणूनबुजून केले; आम्ही मात्र नकळत.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘विदर्भ’ तेथे उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. ‘विंडोज २०००’ मध्ये ‘मंगल’ फाँटसह ही सोय आली. आमच्या फाँटची मांडणी पुढे हाती लागली आणि गावांची माहिती युनिकोडमध्ये आणता आली. किल्ली हरवली असती, तर मुलांचे श्रम वाया गेले असते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. संगणकावर ‘वि’ टंकित करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. व तसाच राहतो, त्याच्या डावीकडची वेलांटी मात्र जाते. असे का, हे आधी मुलांना सांगू नका. डोळ्यांना दिसते ते आणि यंत्राने साठवले ते, यांतील फरक त्यांनाच शोधू द्या.