ट्रायथलॉनचा वेटसूट: ऊब आणि वेग

ट्रायथलॉनमध्ये पोहण्यासाठी घातला जाणारा काळा, तुकतुकीत वेटसूट आज प्रामुख्याने वेगासाठी निवडला जातो. त्याचा जन्म मात्र थंडीमुळे झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांना गार पाण्यात फार वेळ टिकता येत नव्हते. हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी हाती घेतला. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले हे गृहस्थ १९५१ च्या सुमारास एका उलट्याच निष्कर्षाला आले: अंग कोरडे ठेवायची गरजच नाही. कापडात वायूचे बुडबुडे कोंडलेले असले की अंग ओले असूनही ऊब टिकते. फेसाळ निओप्रिन वापरण्याची सूचना अभियंते विलार्ड बॅस्कम यांची. निओप्रिन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीने १९३० मध्येच शोधले होते. सूट आणि अंग यांच्यामधले पाणी तापते म्हणून ऊब येते, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरे काम रबरातले बुडबुडे करतात; आत शिरलेले पाणी फक्त खेळते राहू नये, एवढेच पुरेसे असते.

पेटंट ब्रॅडनर यांच्या नावावर कधी झाले नाही, आणि धंदा सर्फरांनी केला. सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओनील आणि रेडोंडो बीचवर मायस्ट्रेल बंधू यांनी १९५० च्या दशकात वेटसूट शिवून विकायला सुरुवात केली. शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. ब्रॅडनर यांचे १९५१ मधले पत्र उजेडात आल्यावर तो बहुतांशी त्यांच्या बाजूने मिटला.

ते पहिले सूट घालणे ही एक शिक्षाच होती. आत अस्तर नसल्यामुळे रबर कातडीला चिकटे आणि टाल्कम पावडर फासल्याशिवाय अंगात चढत नसे. जोरात ओढले तर फाटे. पुढे रबराला नायलॉनचे अस्तर लागले, तेव्हा शिवण धरू लागली आणि सूट टिकाऊ झाला. तरीही तो सर्फरसाठी होता, बऱ्यापैकी जाड आणि खांद्याला ताठ. लाटेवर उभे राहणाऱ्याला ते चालत असे. सतत हात मारणाऱ्याचे खांदे मात्र त्यात भरून येत.

आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात २५ सप्टेंबर १९७४ ला सॅन डिएगोच्या मिशन बे येथे झाली. १९७८ मध्ये हवाईत आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू झाली. तिथले पाणी उबदार, त्यामुळे सूटचा प्रश्नच नव्हता. स्पर्धा थंड पाण्याच्या प्रदेशांत पसरल्या तशी गरज निर्माण झाली. १९८७ मध्ये डॅन एम्पफील्ड यांनी क्विंताना रू या नावाने खास ट्रायथलॉनसाठी सूट बाजारात आणला. त्यात रबराची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली होती, पाणी सहज सरकावे म्हणून. किंमत म्हणून नाजूकपणा आला: सूट चढवताना नख लागले की चंद्रकोरीसारखी चीर पडते. म्हणूनच आजही जाणकार बोटांच्या पेरांनी रबर चिमटत तो वर सरकवतात.

या सूटमुळे ऊब मिळाली आणि वेगही वाढला. सायकल आणि धावण्यात मुरलेल्या खेळाडूचे पाय पाण्यात खाली जातात आणि ओढ वाढते. निओप्रिन पाय आणि कंबर वर उचलते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात सेकंदाला सव्वा मीटर वेगाने पोहताना पाण्याचा विरोध सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळला. याचा लाभ कसलेल्या पोहणाऱ्यापेक्षा कच्च्याला अधिक. साहजिकच नियम आले: जाडी जास्तीत जास्त ५ मिलीमीटर, आणि पाणी ठरावीक तापमानापेक्षा गरम असेल तर बंदी. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांच्या परंपरेने तर सूट साफ नाकारला. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या सात सागरी खाड्याही वेटसूटविनाच पोहायच्या असतात.

५ मिलीमीटरच्या मर्यादेत कुठे किती जाडी द्यायची, ही पुढची कारागिरी. मांड्या आणि कंबरेपाशी जाड, खांद्याला दीड-दोन मिलीमीटर पातळ, अशी वाटणी रूढ झाली. जपानच्या यामामोतो कंपनीच्या लवचीक रबराने खांदे मोकळे केले. म्हणूनच सूट निवडताना किमतीपेक्षा खांदा आणि मान आधी तपासावी लागते. काखेत रबर ताणले जात असेल, तर प्रत्येक हातासरशी दंड थकतो. मान सैल असेल तर पाणी आत शिरून सूट जड होतो. ज्याचे पाय आधीच वर राहतात, त्याला जाड मांड्यांचा सूट उलट छातीवर झुकवतो.

गोव्यात २०१९ पासून मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही अर्ध्या पल्ल्याची स्पर्धा होते. आयर्नमॅनमध्ये सूटची मर्यादा साधारण २४.५ अंश सेल्सिअस आणि गोव्याचे पाणी त्याहून बरेच उबदार. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या ट्रायथलीटला वेटसूट आठवतो तो युरोपातल्या एखाद्या थंड तळ्यातल्या स्पर्धेसाठी नाव नोंदवल्यावर, आणि मापाची पहिली कसोटी बहुधा घराजवळच्या तरणतलावातच लागते.