'जावासी' कमांड कॉम्प्युटर ओळखत नाही? आधी 'पाथ' तपासा

जावाचा प्रोग्राम लिहिला, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जावासी' ही कम्पायलरची कमांड दिली आणि 'नॉट रेकग्नाइज्ड' असा एरर आला? लगेच कोड खोडू नका. कम्पायलरने तुमची फाइल अजून उघडलेलीच नाही. विंडोजला कम्पायलरच सापडलेला नाही.

असं का होतं?
कमांड दिली की विंडोज आधी चालू फोल्डरमध्ये आणि मग 'पाथ' या यादीतल्या फोल्डर्समध्ये तो प्रोग्राम शोधतं. कुठेच मिळाला नाही, तर हा एरर येतो.

काय कराल?
१. कॉम्प्युटरवर जेडीके आहे का पाहा. बहुतेकदा ते 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या 'जावा' फोल्डरमध्ये असतं. तिथे फक्त जेआरई असेल, तर जेडीके इन्स्टॉल करा. जेआरईवर तयार प्रोग्राम चालतात, पण त्यात कम्पायलर नसतो.
२. जेडीकेमधलं 'बिन' फोल्डर उघडा आणि वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करा.
३. स्टार्ट मेन्यूतून 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' उघडा. 'पाथ' निवडून 'एडिट' आणि मग 'न्यू' दाबा. पत्ता पेस्ट करून प्रत्येक विंडोत 'ओके' करा.
४. कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा. आधीच उघडलेल्या विंडोला बदललेला पाथ कळत नाही.

आता 'जावासी', स्पेस, एक डॅश आणि त्याला जोडून 'व्हर्जन' टाइप करा. व्हर्जनचा आकडा दिसला, की काम झालं.

हे टाळा: 'पाथ'मधल्या जुन्या नोंदी पुसू नका. नाहीतर इतर प्रोग्रामच्या कमांडही बंद पडतील.