इलेक्ट्रॉनिक सिटीत परसातील शेड : परवानगी कोणाची आणि कशी

बेंगळुरू : घरामागच्या मोकळ्या जागेत चार खांब रोवून वर पत्रा टाकला, तर ते ‘बांधकाम’ ठरते काय? इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात स्वतःच्या भूखंडावर घर बांधून राहणाऱ्यांसमोर, त्यात नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांसमोरही, हा प्रश्न कधी ना कधी येतो. कायद्याचे उत्तर होकारार्थी आहे. कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, 1976 मधील ‘इमारत’ या संज्ञेच्या व्याख्येत घराबरोबरच तबेला, झोपडी, भिंत आणि शेड यांचाही समावेश असून, ती विटांची आहे, लाकडाची की धातूची, याला महत्त्व दिलेले नाही. पत्र्याच्या शेडला कागद लागत नाही, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत त्यामुळे टिकत नाही.

अर्ज कोणाकडे करावा, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. इलेक्ट्रॉनिक सिटी हे एका प्रशासनाखालील उपनगर नव्हे. केओनिक्स या राज्य सरकारच्या महामंडळाने 1978 मध्ये 332 एकरांवर उभारलेली ही औद्योगिक वसाहत पुढे टप्प्याटप्प्याने विस्तारली आणि 2013 मध्ये तिच्यासाठी ‘एल्सिटा’ हे स्वतंत्र औद्योगिक नगर प्राधिकरण स्थापन झाले. मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी ही नगरपालिकेची कामे वसाहतीच्या हद्दीत हे प्राधिकरण पाहते. परंतु लोक ज्याला बोलण्यात ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ म्हणतात, त्यातील निवासी भाग बव्हंशी दोड्डतोगूर, कोनप्पन अग्रहार, वीरसंद्र यांसारख्या जुन्या गावांच्या जमिनीवर वाढलेला आहे. तेथे जागेनुसार ग्रामपंचायत किंवा नगरपालिका सक्षम असते. उत्तरेकडे थोडे अंतर गेल्यावर शहराची हद्द लागते. 2 सप्टेंबर 2025 रोजी तेथील एकाच महापालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या.

परिणामी एकाच मापाच्या शेडला रस्त्याच्या एका बाजूस एक कायदा लागू होतो आणि दुसऱ्या बाजूस दुसरा. ग्रामपंचायत हद्दीत 1993 च्या ग्राम स्वराज व पंचायत राज अधिनियमाचे कलम 64, तर नगरपालिका हद्दीत 1964 च्या नगरपालिका अधिनियमाचे कलम 187 पाहावे लागते. टपालाच्या पत्त्यावरून हे ठरत नाही. मालमत्ता कराची पावती कोणत्या कार्यालयाची आहे, हे पाहणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय.

यानंतर प्रश्न येतो ‘खात्या’चा. महाराष्ट्रात सातबारा किंवा मिळकत पत्रिकेकडे जसे प्रथम पाहिले जाते, तसे कर्नाटकात खाता उताऱ्याकडे पाहिले जाते. खाता हा मालकीचा पुरावा नसून कर आकारणीसाठीची नोंद आहे, तरीही त्याच्याविना आराखडा मंजुरीस जात नाही. ग्रामपंचायतींच्या ‘ई-स्वत्तु’ प्रणालीत नियमित भूखंडास नमुना 9 व 11-अ मिळतो. रीतसर बिगरशेती न झालेल्या किंवा विनामंजुरी पाडलेल्या भूखंडांची नोंद नमुना 11-ब मध्ये होते. शहरी भागातील ‘बी खाता’ याच जातीचा. अशा जागेवर शेडच नव्हे, मूळ घराची परवानगीही अडचणीत असते. स्वस्त भूखंडाची खरी किंमत अनेकदा येथे कळते.

कागद निर्दोष असले, तरी जागेचा प्रश्न उरतो. घराच्या मंजूर आराखड्यात मागे व बाजूंना जे सामासिक अंतर सोडलेले असते, तेच व्यवहारात ‘परस’ म्हणून वापरले जाते आणि शेड नेमकी तेथेच उभी करण्याचा विचार होतो. हवा, उजेड आणि अग्निशमनासाठी राखलेली ही जागा छताखाली घेणे म्हणजे मंजूर आराखड्याचे उल्लंघन होय. म्हणून अर्जापूर्वी मूळ आराखडा नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून तपासून घेणे आणि सामासिक अंतराबाहेर जागा शिल्लक असल्यासच सुधारित आराखडा सादर करणे इष्ट. सदनिकाधारकांना तर तळमजल्यावरील मोकळी जागा सामाईक असल्याने स्वतःच्या मर्जीने काहीही उभारता येत नाही.

बेंगळुरूत आणखी एक बाब डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे राजकालुवे, अर्थात पावसाचे पाणी एका तलावातून दुसऱ्याकडे नेणारे जुने नाले. 2015 च्या विकास आराखड्यात या नाल्यांलगत त्यांच्या दर्जानुसार 50, 25 आणि 15 मीटरचा पट्टा बांधकामास निषिद्ध ठरविला आहे. अनेक नाले आज जमिनीवर दिसत नाहीत, गावनकाशावर मात्र दिसतात. जुलै 2016 अखेरच्या पुरानंतर ऑगस्टमध्ये महापालिकेने नाल्यांवरील अतिक्रमणे हटविली, तेव्हा बेगूर भागातील अवनी शृंगेरी नगरातील घरेही पाडली गेली. आपल्याकडे खाता आणि मंजूर आराखडा असल्याचे तेथील रहिवासी सांगत होते.

चूक नंतर नियमित होईल, ही आशाही तूर्त फोल आहे. उल्लंघने दंड भरून नियमित करण्याच्या ‘अक्रम-सक्रम’ योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिली. त्याच न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात बांधकाम पाडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही.