चिखलातला वायू

रोवणी आटोपून महिनाभर पाणी साचलेल्या बांधीत निंदणाला उतरले की पायाखालून बुडबुडे उठतात. सालेकसा तालुक्यातील धानकऱ्याला त्यांचे नवल नाही. त्यांचा इतिहास मात्र त्याला कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

1776 साली इटलीत व्होल्टाने तळ्याच्या गाळातून हा वायू गोळा केला व तो जळतो हे दाखविले. हाच मिथेन. हवा न पोचणाऱ्या चिखलात काडीकचरा कुजतो, त्यातून सूक्ष्मजंतू तो तयार करतात. 1897 साली मुंबईच्या माटुंगा कुष्ठाश्रमात मैल्यापासून तो काढून दिवे लावले गेले. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्याच दारी हा उजेड लागला!

1906 साली हॉलंडात सोन्गेन यांनी हाच वायू खाऊन जगणारे जंतू दाखविले. धानाच्या मुळांशी थोडी हवा पोचते, तेथे ते राबतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भातखाचरांतून असे जंतू वेगळे केले आहेत.

त्यांच्या तावडीतून सुटलेला मिथेन आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवितो. बांधीतले पाणी अधूनमधून आटविले तर तो घटतो. पण जो पावसाच्या भरवशावर जगतो, तो साचलेले पाणी कोणत्या धीराने सोडील? आधी त्याला हुकमी पाणी द्या. मग वायूचा हिशेब मागा.