न मरणाऱ्या मेंढ्या

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी आमचे एक गृहसंकुल आहे. इमारती चार, सदनिका बहात्तर. तेथे घर घेतले आणि लगेच माझी बदली झाल्याने पुढील नऊ वर्षे दिल्लीत काढली. दर महिन्याला संकुलाच्या सेक्रेटरींचे परिपत्रक येई. लिफ्ट दोन दिवस बंद होती, टाकीची सफाई झाली, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आता टाळता येणार नाही, कृपया मेंटेनन्सच्या वाढीस संमती कळवावी. मी ते वाचून बाजूला ठेवीत असे. एकदा तर वाढीच्या विरोधात लेखी मत कळविले होते. अंदाजपत्रकात कपात करावयाची झाली की पहिली कात्री देखभालीच्या लेखाशीर्षावर चालते, हे मी सरकारी नोकरीत तीस वर्षे पाहत आलो आहे. स्वतःच्या घराच्या बाबतीत मीही तेच केले.

पुढे पुन्हा चेन्नईस बदली झाली आणि आम्ही तेथे राहावयास गेलो. तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीच्या बाल्कनीचा हातभर लांबीचा तुकडा, संध्याकाळी मुले जेथे खेळतात, नेमका तेथे कोसळला. दुपारची वेळ होती म्हणून कोणास इजा झाली नाही. खाऱ्या हवेत काँक्रीटमधील सळई गंजते, गंजून फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. बाहेरून रंग चांगला दिसत असतो. तातडीची सभा झाली. बाल्कनी ज्याची त्याची की सर्वांची, यावर दोन तास वाद होऊन सभा तहकूब झाली. निम्म्याहून अधिक मालक परगावी वा परदेशी. बहुतेकांनी माझ्याप्रमाणेच परिपत्रके बाजूला ठेवलेली.

ती सभा पुन्हा भरण्यापूर्वी मला कामानिमित्त तंजावूरला जावे लागले. या लेखाचा विषय तेथे मला सापडला.

तंजावूरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात प्रथम भिंतीवरील मराठी शिलालेख शोधतो. भोसले घराण्याचा वृत्तांत सांगणारा, १८०३ साली सरफोजीराजांनी कोरविलेला तो प्रदीर्घ लेख पाहून ऊर भरून येतो. माझेही तसेच झाले. बरोबरच्या तमिळ सहकाऱ्याने मात्र मला देवळाच्या पायथ्याशी नेले. राजराज चोळाने हे देऊळ १०१० च्या सुमारास पूर्ण केले. त्या काळातील तमिळ लेख तेथील दगडांवर ओळीने कोरलेले आहेत. त्यांत पराक्रमाची वर्णने आहेत, तसेच हिशेबही आहेत.

एका नंदादीपाचा हिशेब असा. दिव्यासाठी शहाण्णव मेंढ्या धनगराच्या स्वाधीन करावयाच्या. मेंढ्यांऐवजी अठ्ठेचाळीस गाई किंवा सोळा म्हशीही चालत. धनगराने रोज एक ‘उळक्कु’ हे ठरलेले माप भरून तूप देवळात घालावयाचे, आणि तेही आचंद्रार्क. आता मेंढी काही आचंद्रार्क जगत नाही. म्हणून या कळपाला एक नाव आहे: ‘सावा मूवा पेराडु’, म्हणजे न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. एक मेली तर त्या जागी दुसरी उभी करणे ही धनगराची जबाबदारी. वाढीव कोकरे त्याची, पण मूळ आकडा शहाण्णवच्या खाली जाता कामा नये. लेखांत धनगराचे नाव आहे, आणि तो चुकल्यास जबाबदार धरावयाच्या नातलगांचीही नावे आहेत. रोख देणग्यांची तऱ्हाही अशीच. मुद्दल गावसभांकडे कायमचे ठेवावयाचे आणि दरसाल साडेबारा टक्के व्याजातून देवळाचा खर्च भागवावयाचा.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हांला घसारा शिकविला गेला तो ताळेबंदातील एक रकाना म्हणून. हजार वर्षांपूर्वी तो येथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. देखभालीच्या तीन अटी त्यात आल्या आहेत. मुद्दल वेगळे काढलेले, जबाबदार माणसाचे नाव ठरलेले, आणि हिशेब सर्वांना दिसेल अशा जागी लिहिलेला.

या देवळापासून थोड्याच अंतरावर राजवाडा आहे. आधी नायकांचा, १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे आले तेव्हापासून मराठ्यांचा. त्याच्या काही भागांची अवस्था पाहून मराठी पाहुणा हळहळतो आणि सरकारला बोल लावून परततो. परंतु त्या वास्तूचा कागदोपत्री इतिहास वाचला म्हणजे दोष इतका सोपा राहत नाही.

शेवटचे राजे शिवाजी (दुसरे) १८५५ मध्ये वारले. मागे मुलगा नव्हता. कंपनीने राज्य खालसा केले आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये राजवाडा व खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. पट्टराणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावून तो जिंकला. जुलै १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयास त्यात अधिकार नाही, असे कारण दिले. तरीही १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता कृपा म्हणून राण्यांना परत केली. व्यवस्था थोरल्या राणीने पाहावी, उपभोग सर्व राण्यांनी मिळून घ्यावा, आणि शेवटची राणी निवर्तल्यावर राजकन्येला, ती नसल्यास राजाच्या पुढील वारसांना मालमत्ता मिळावी, अशी त्या आदेशातील तरतूद होती.

प्रशासकाच्या नजरेने ती वाचा. व्यवस्था, उपभोग व वारसा या तिन्ही गोष्टी आल्या. छप्पर गळू लागले तर कोणत्या पैशाने दुरुस्त करावयाचे, हा प्रश्न त्यांत बसत नाही. धाकट्या राण्या न्यायालयात गेल्या. १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने राण्यांची मालकी एकत्र असून जी हयात राहील तिच्याकडे ती जाते, असे ठरविले. हा निकाल पुढे हिंदू कायद्याच्या पुस्तकांत गेला. राण्या डझनाहून अधिक होत्या. शेवटच्या राणीनंतर १९१२ मध्ये पुन्हा दावा उभा राहिला. त्यात कोल्हापूरच्या महाराजांसह अनेकांनी हक्क सांगितला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९२४ मध्ये लागला.

१८६२ ते १९२४ ही बासष्ट वर्षे झाली. उद्या हे घर आपले असेल की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो आज त्याच्या गच्चीवर पैसा का घालील? राण्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. उपभोग सर्वांचा आणि खर्च कोणाचाच नाही, अशी रचना असली की शहाणी माणसेही तसेच वागतात. आमच्या बहात्तर सदनिकांत मी त्यांतलाच एक होतो.

याच राजवाड्याच्या आवारात नेमके उलटे उदाहरणही आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाचा सर्वांत मोठा संग्राहक म्हणजे दुसरे सरफोजीराजे. राज्य गेल्यावर ए. सी. बर्नेल या अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली, ती १८८० मध्ये लंडनहून छापली गेली. पुढे वारसांचा खटला चालू असतानाच १९१८ मध्ये राजघराण्यातील मंडळींनी ग्रंथालय लोकांच्या हवाली केले आणि त्याच्या जोपासनेसाठी एक लाख रुपये दिले. कारभारासाठी समिती नेमण्यात आली. १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. आज आपण तेथील मराठी हस्तलिखिते व मोडी कागद पाहू शकतो, ते त्या एका निर्णयामुळे. आवार एक, घराणे एक, हवा एकच. फरक पडला तो सूची, निधी आणि नेमलेली माणसे यांनी.

सरफोजीराजांना हे मर्म ठाऊक होते असे दिसते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. एक लाख पागोडा, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि तंजावूरचा किल्ला एवढे त्यांच्याकडे उरले. अशा अवस्थेत १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टॉरिन यांस पत्र लिहिले ते अन्नछत्रांविषयी. रामेश्वरच्या वाटेवरील या छत्रांत यात्रेकरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विद्या मिळे. त्यांना नेमून दिलेली गावे व ती व्यवस्था आपल्याकडेच राहावी, असा त्यांचा आग्रह होता. जमीन छत्राला बांधलेली असल्याने राज्य बुडाले तरी छत्रांचे उत्पन्न उरले. पुढे त्यातून शाळा व वसतिगृहे चालली. तंजावूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात छत्रांच्या कारभाराची वेगळी शाखा आजही आहे.

परतण्यापूर्वी पट्टुकोट्टैमार्गे समुद्रकाठच्या सरभेंद्रराजपट्टिनमला गेलो. तेथे सरफोजीराजांनी बांधलेला आठ मजली षट्कोनी मनोरा आहे. तमिळ लोकही त्यास ‘मनोरा’च म्हणतात. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून तो उभारल्याचा १८१४ चा लेख त्यावर अनेक भाषांत आहे. कोण जिंकले हे त्यात सांगितले आहे. खाऱ्या वाऱ्यात दर पावसाळ्यानंतर चुना कोणी लावावयाचा, हे नाही. आठ दिवसांपूर्वी मी हा मनोरा केवळ अभिमानाने पाहिला असता. त्या दिवशी भेगा मोजीत फिरलो.

आमची तहकूब सभा भरली तेव्हा मी प्रथम जुन्या इतिवृत्तातील माझे विरोधाचे मत स्वतः वाचून दाखविले. मग तीन सूचना मांडल्या. एक, दुरुस्तीचा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि रोजच्या खर्चासाठी त्यास हात लावू नये. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडासाठी आणि किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी सांगितलेला आहे, तेच प्रमाण धरावे. दोन, प्रत्येक इमारतीस एक जबाबदार सभासद नेमावा आणि त्याचे नाव लावावे. तीन, बाल्कनी कोणाचीही असो, तिच्या सळईची देखभाल सामायिक मानावी. भरपूर कुरकूर झाली. एका गृहस्थांनी विचारले, “साहेब, नऊ वर्षे आपण कोठे होता?” प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला.

आता परिपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याच्या पहिल्या ओळीत लिफ्टची बातमी नसते, निधीची शिल्लक असते. तंजावूरची हकीकत ऐकल्यापासून समितीतील मंडळी दर महिन्यास मला विचारतात, “मेंढ्या किती?”

आपणांपैकी अनेक वाचक दूर देशी आहेत, आणि पुण्यात, ठाण्यात वा अन्यत्र आपलीही सामायिक छपराखालची घरे असतील. तेथून आलेले शेवटचे परिपत्रक शोधून, एवढे एकदा शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.