भंगारात निघालेला आठ पोर्टांचा बॉक्स: मिडी, लिनक्स आणि सोडून दिलेली यंत्रं

जे लोकलमध्ये उभे आहेत आणि हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं…' तेवढे काढलेत.

माझा मामेभाऊ इचलकरंजीत ऑर्केस्ट्रा चालवतो. मी त्याला दादा म्हणतो. दोन कीबोर्ड, एक जुनं साउंड मोड्यूल, एक ऑक्टोपॅड आणि एक लॅपटॉप असा त्याचा संसार. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्याला मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून एक लोखंडी बॉक्स जवळपास फुकटात मिळाला. मागच्या बाजूला सोळा गोल सॉकेट, आठ इनपुट आणि आठ आउटपुट. हा मल्टिपोर्ट मिडी इंटरफेस. म्हणजे सगळी वाद्यं एका लॅपटॉपला जोडायची सोय.

दादाने तो आपल्या विंडोज लॅपटॉपला लावला. काहीच नाही. कंपनीच्या साइटवरचा शेवटचा ड्रायव्हर इतका जुना की इन्स्टॉलच होईना. दुकानदार म्हणाला, "भंगारात टाका, नवीन घ्या." मग दादाचा मला फोन. "तू इंजिनियर ना रे? बघ की काय होतंय का."

मी बॉक्स माझ्या लिनक्स लॅपटॉपला लावला. काही डाउनलोड केलं नाही. टर्मिनलवर ए-कनेक्ट नावाची छोटी कमांड दिली आणि आठ पोर्ट एकाखाली एक हजर! दादा खूश. मला मात्र झोप लागेना. ज्या कंपनीने हा बॉक्स बनवला तिनेच तो सोडून दिला. मग याची भाषा लिनक्समध्ये कुणी लिहून ठेवली? आज तीच गोष्ट.

एक वायर, सगळ्यांची

१९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची जोडणीची पद्धत वेगळी होती. एका कंपनीचा कीबोर्ड दुसरीच्या यंत्राशी बोलेलच याची खात्री नाही. जपानमध्ये रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना हे खटकत होतं. तिकडे कॅलिफोर्नियात सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वुड यांच्यासोबत १९८१ मध्ये एका सामाईक इंटरफेसचा प्रस्ताव मांडला. मग यामाहा, कॉर्ग, कावाई हेही चर्चेत आले. एकमेकांचे कट्टर स्पर्धक, बरं का!

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजत होता. त्याच वर्षी मिडी १.० चं मानक प्रसिद्ध झालं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते वापरायला कुणालाच रॉयल्टी द्यावी लागणार नव्हती.

आपल्याकडे या मानकाचा सगळ्यात ओळखीचा पाहुणा म्हणजे ऑक्टोपॅड. आज गावोगावच्या ऑर्केस्ट्रात तो दिसतो. पण १९८५ चा रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, स्वतः आवाजच काढत नव्हता. त्यात आवाज साठवलेलेच नव्हते. तुम्ही काडी मारली की तो फक्त मिडीवरून निरोप पाठवायचा: 'अमुक नोट, इतक्या जोरात'. आवाज काढायचं काम दुसऱ्या यंत्राचं. मिडी म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या पद्धतीने मला सांगता येणार नाही. वायरमधून आवाज जात नाही, निरोप जातो.

एक वायर पुरेना

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

मिडीच्या वायरचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. हा आकडा विचित्र वाटतो, पण १० लाखाला ३२ ने भागून बघा. त्या काळच्या चिप्सच्या घड्याळातून हा वेग सहज मिळायचा. एका बाइटला या वायरवर १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. एका नोटेचा निरोप ३ बाइटचा. म्हणजे एका नोटेला साधारण १ मिलिसेकंद.

एका माणसाला हे भरपूर आहे. पण लॅपटॉप एकाच ठोक्यावर ड्रम, बास, स्ट्रिंग्ज, ब्रास अशा २० नोटा पाठवतो तेव्हा? वायर एकच, निरोप रांगेत. शेवटची नोट पहिलीनंतर जवळजवळ २० मिलिसेकंदांनी निघते. निरोप थोडे आखडायची एक युक्ती मानकात आहे, पण रांग ती रांगच. ढोलताशात एकाचा ठोका किंचित मागे पडला की कसं कानाला लगेच कळतं, तसंच.

दुसरी अडचण म्हणजे एका वायरवर चॅनेल फक्त १६. एकेक यंत्र सोळाच्या सोळा चॅनेल वापरायला लागलं, तेव्हा दुसऱ्याला जागाच उरली नाही.

यावर उपाय म्हणून मल्टिपोर्ट इंटरफेस आले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मार्क ऑफ द युनिकॉर्न कंपनीचा मिडी टाइम पीस आला. आठ पोर्ट, प्रत्येकाचे १६ चॅनेल, एकूण १२८. ऑपकोड कंपनीच्या स्टुडिओ ५ मध्ये तर १५ पोर्ट, म्हणजे २४० चॅनेल. प्रत्येक वाद्याला स्वतःची वायर, म्हणून रांगही वेगळी.

इथेच गडबड झाली

बॉक्स आणि वाद्य यांच्यामधली वायर मिडी होती, सगळ्यांची. पण बॉक्स आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या वायरवर काय बोलायचं, हे मिडीच्या मानकात नव्हतंच. एकाच वायरवरून 'हा निरोप तिसऱ्या पोर्टचा, हा सातव्याचा' हे कसं सांगायचं? प्रत्येक कंपनीने आपली पद्धत काढली आणि ती आपल्या ड्रायव्हरमध्ये बंद करून ठेवली.

याची किंमत पुढे वापरणाऱ्यांनी मोजली. स्टुडिओ ५ मॅकच्या जुन्या सिरियल पोर्टला लागायचा. १९९८ च्या आयमॅकमध्ये तो पोर्टच नव्हता. त्याच वर्षी गिब्सनने ऑपकोड विकत घेतली आणि थोड्याच काळात तिच्या सॉफ्टवेअरचं काम थांबलं. २००२ मध्ये ॲपलने जर्मनीची एमॅजिक घेतली आणि तिच्या लॉजिक या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्ती त्याच वर्षी बंद झाली. एमॅजिकचे युनिटर-८, एएमटी-८ हे आठ पोर्टांचे चांगले बॉक्स जगभरच्या स्टुडिओत होते. त्यांच्या लोखंडाला काहीच झालं नव्हतं. बदललं होतं ते फक्त कागदावरचं मालकाचं नाव.

तिकडे लिनक्सवाले काय करत होते?

१९९८ मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी अल्सा हा प्रकल्प सुरू केला. त्यांना आपलं ग्राविस अल्ट्रासाउंड हे साउंडकार्ड लिनक्सवर नीट चालवायचं होतं, एवढीच सुरुवात. पुढे अल्सा लिनक्सची मुख्य ध्वनिव्यवस्था झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलसोबत घराघरात पोचली.

कर्नलचा सोर्सकोड कुणीही उघडून वाचू शकतं. मी वाचला. त्यात एमटीपॅव्ह नावाची फाइल आहे. वर लेखकाचं नाव मायकल मेयर्स आणि तारीख जानेवारी २०००. मिडी टाइम पीस एव्ही हा आठ पोर्टांचा बॉक्स प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवरून चालवायचा ड्रायव्हर. वरच्या टिपणीत बॉक्सला कुठली सॉकेट आहेत, तो काय काय करू शकतो, सगळं लिहून ठेवलंय.

१९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी कसं पाठवायचं याचं मानक आलं. त्यात प्रत्येक निरोप ४ बाइटच्या पाकिटात. पहिल्या बाइटच्या अर्ध्या भागात 'केबल नंबर'. म्हणजे १६ पोर्ट, प्रत्येकी १६ चॅनेल, एकूण २५६. जी गोष्ट कंपन्यांनी आपापल्या कपाटात ठेवली होती, तिला शेवटी सामाईक मानक मिळालं.

पण सगळ्यांनी ते पाळलं नाही. म्हणून अल्सामधली यूएसबी-मिडीची फाइल वाचायला इतकी मजा येते. ती क्लेमेन्स लाडिश यांनी २००२ पासून लिहिली. सुरुवातीलाच ते सांगतात की हे काम आधीच्या लोकांवर उभं आहे. दाइसुके नागानो यांचा जुना लिनक्स ड्रायव्हर, ताकुया शिओझाकी यांचा नेटबीएसडीचा ड्रायव्हर आणि रोलंडचं मानकाचं दस्तऐवज. खाली प्रत्येक हट्टी कंपनीसाठी वेगळा तुकडा. मिडीमॅनचे बॉक्स पोर्ट नंबर पहिल्याऐवजी चौथ्या बाइटमध्ये टाकतात. एमॅजिकचे बॉक्स 'एफ-५' हा बाइट पाठवून पोर्ट बदलतात. मिडीच्या मानकात एफ-५ ला काहीच अर्थ दिलेला नाही. ती रिकामी जागा त्यांनी पोर्ट बदलण्यासाठी वापरली.

काही ठिकाणी एवढ्यानेही भागत नाही. मिडीस्पोर्ट मालिकेतल्या जुन्या बॉक्समध्ये चालू केल्यावर मेंदू कोराच असतो. कॉम्प्युटरने फर्मवेअर आत भरायचं, मग तो बॉक्स स्वतःला तोडून नव्या ओळखीने पुन्हा हजर होतो. ते फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, म्हणून कर्नलसोबत येत नाही. वेगळं पॅकेज टाकावं लागतं. तुमच्याकडे असा बॉक्स असेल आणि पोर्ट दिसत नसतील, तर आधी हे तपासा. बॉक्स मेला असं लगेच समजू नका.

वापरायचं कसं, आणि माझी फजिती

अल्सामध्ये मिडीची दोन दारं आहेत. एक 'रॉ-मिडी'. यात प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलतो, पण तेव्हा तो पोर्ट त्याच्याच ताब्यात. दुसरं 'सीक्वेन्सर'. यात एक पोर्ट अनेक प्रोग्रॅम वापरू शकतात आणि कोण कुणाशी जोडलंय हे तुम्ही ठरवता. टेलिफोन एक्स्चेंजसारखं. आर्डर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पॉल डेव्हिस यांनी जॅक बनवलं, तेही याच विचाराचं: सगळे प्रोग्रॅम एकमेकांना वायरने जोडल्यासारखे जोडता आले पाहिजेत.

मी दादाला क्यूट्रॅक्टर टाकून दिलं. पोर्ट १ ला ऑक्टोपॅड, २ ला मोड्यूल, ३ आणि ४ ला कीबोर्ड. रोज हाताने जोडायला नको म्हणून स्क्रिप्ट लिहिली: '२०:० मधून आलेलं इकडे पाठव' वगैरे. पहिला कार्यक्रम झकास झाला.

दुसऱ्या दिवशी मंडपात लाइट गेले. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दादाने ऑक्टोपॅडवर काडी मारली. शांतता. समोर दोन-अडीचशे माणसं, लावणीची फर्माईश आलेली, आणि दादा माझ्याकडे बघतोय.

चूक सगळी माझी. २० हा नंबर त्या बॉक्सचा नाही, रांगेतल्या जागेचा आहे. पहिल्या कार्डाला १६, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २४. या वेळी दुसरं यूएसबी उपकरण आधी ओळखलं गेलं आणि आमचा बॉक्स २४ झाला. माझी स्क्रिप्ट रिकाम्या घराचं दार ठोकत होती. मी घामाघूम होऊन हाताने जोडण्या केल्या. चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं ढोलकीवाल्या काकांनी एकट्याने सांभाळली, त्यांचे उपकार.

घरी येऊन नंबर काढून टाकले आणि नावं लिहिली. ए-कनेक्टला नाव दिलेलं चालतं. रुई नुनो कापेला यांच्या क्यूजॅककंट्रोलमधला पॅचबेही नावावरून जोडण्या लक्षात ठेवतो. तुम्ही स्टेजवर हे वापरणार असाल तर एवढं एकच लक्षात ठेवा: नंबरावर भरवसा नको, नावाने जोडा.

पुढे काय?

२०२० मध्ये मिडी २.० आलं. त्यात १६ गट आणि प्रत्येकी १६ चॅनेल आता मानकातच आहेत. २०२३ च्या ६.५ कर्नलमध्ये ताकाशी इवाई यांनी त्याचा आधार आणला. पण त्यासाठी कुणी जुनं काही काढून टाकलेलं नाही.

आपल्यासारख्यांना स्टुडिओ बंद झाल्यावर, कुणी नवीन घेतल्यावरच असा माल हाती लागतो. तो चालतो की नाही, हे दादासाठी पुढच्या सीझनचं भाडं ठरवतं. १९८३ मध्ये कंपन्यांनी मिळून ठरवलं की वाद्यांमधली वायर सगळ्यांची. कॉम्प्युटरकडच्या वायरबद्दल ते ठरवायला राहून गेलं. ती उरलेली वायर आपापल्या संध्याकाळी बसून ज्यांनी सगळ्यांची केली, त्यातल्या बहुतेकांची नावं तुम्ही आज पहिल्यांदा ऐकली असतील. मीही त्या रात्रीच वाचली.

बॉक्स सध्या दादाकडेच आहे. त्यावर त्याने मार्करने पोर्टांची नावं लिहिलीत. तुमच्या माळ्यावरही असं काही पडलं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा लिनक्सला लावून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!